अडतीस महिने

पानभर मजकूर होता. इटलीतल्या लांगेच्या टेकड्यांमध्ये ज्या घरात मी नऊ दिवस खोली भाड्याने घेऊन राहिले होते, त्या घरच्या मुलीने तो माझ्यापुढे ठेवला आणि संकोचत विचारलं, तुम्ही अनुवादक आहात ना, एवढं इंग्रजीत करून द्याल का? त्यांची वाइन परदेशी जाते, त्या खोक्यांत हा कागद घालायचा होता. सहा हेक्टर जमीन, सगळी सेंद्रिय. घरातली चार माणसं आणि सुगीला आठ-दहा मजूर. मजकूर साधाच होता: माती कसली आहे, वेली किती वर्षांच्या आहेत, वाइन लाकडी पिंपात किती काळ राहते. पहिल्याच ओळीत शब्द होता, 'स्त्रुत्तुरातो'. इंग्रजीत त्याला तयार प्रतिशब्द आहे, वाइनबद्दल लिहिणारे सगळे तोच वापरतात. मीही तोच वापरला आणि तासाभरात कागद परत दिला.

पण मला एक खोड आहे. कोणत्याही भाषेतून कोणत्याही भाषेत काम चाललेलं असो, वाक्य एकदा मनातल्या मनात मराठीत म्हणून बघते. मराठीत ते उभं राहिलं नाही तर मला ते कळलेलंच नाही असं समजते. आणि हा शब्द काही उभा राहीना. रचनाबद्ध वाइन? तो निबंध झाला. भरदार? त्या मिशा. बांधेसूद? ती वधू-वर सूचक मंडळाची जाहिरात. कागद देऊन झाला होता, कोणी मराठी मागितलेलं नव्हतं, तरी रात्री अंथरुणात पडल्यावर मी त्या एका शब्दाभोवतीच घुटमळत राहिले.

मुळात मी तिथे वाइनसाठी गेलेच नव्हते. बेप्पे फेनोल्योची 'ला मालोरा' ही 1954 सालची लहानशी कादंबरी मराठीत आणायचं काम मी हाती घेतलं होतं. आगुस्तीनो नावाचा एक गरीब घरातला मुलगा. त्याचा बाप त्याला वर्षाला सात मारेंगो मोबदल्यावर दुसऱ्याच्या शेतावर ठेवतो. इंग्रजीत याला नोकर म्हणावं लागतं. मराठीत 'सालगडी' हा नेमका शब्द हाताशी होता आणि तो लिहिताना मला फार बरं वाटलं होतं. अडचण शीर्षकाची होती. मालोरा म्हणजे नाश, वाताहत, घर धुळीला मिळणं. मी कच्च्या खर्ड्यावर 'वाटोळं' असं लिहून ठेवलं होतं. का कोण जाणे, ते मला पटत नव्हतं. म्हणून म्हटलं, एकदा तो मुलूख तरी बघून यावं.

फेनोल्योच्या कथेतला मुलूख वरच्या टेकड्यांवरचा. तिथे थंडी जास्त, माती हलकी. आज तिथे मुख्यतः हेझलनटच्या बागा आणि रान आहे. माझी खोली खालच्या अंगाला, सेर्रालुंगा द' आल्बा या गावाजवळ होती. हा बारोलो नावाच्या वाइनचा प्रदेश. अकरा गावांच्या हद्दीत पिकलेल्या, नेब्बियोलो या एकाच जातीच्या द्राक्षांची वाइन असेल तरच तिला बारोलो म्हणता येतं. नोव्हेंबर होता, सुगी संपलेली होती आणि खोली परवडण्यासारखी होती. सकाळी खिडकी उघडली की दरीत दुलईसारखं धुकं. धुक्याला इटालियनमध्ये 'नेब्बिया' म्हणतात, आणि या द्राक्षाचं नाव त्यावरूनच पडलं असं तिथले लोक सांगतात. त्याला कोंब लवकर फुटतात आणि ते पिकतं मात्र सगळ्यांच्या शेवटी, ऑक्टोबर उजाडल्यावर, टेकड्यांवर धुकं उतरायला लागतं तेव्हा.

चाळिशी ओलांडेपर्यंत मी दारूला शिवले नव्हते. त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. आमच्या घरी त्या शब्दाला एक माणूस चिकटलेला होता, त्याच्याकडे मी नंतर येते. तर तिसऱ्या संध्याकाळी स्वयंपाकघरात घरच्या आजींनी माझ्यापुढे पेला ठेवला आणि नाही म्हणणं मला जमलं नाही. इतक्या नावाजलेल्या लाल वाइनचा रंग गडद, जांभळट असेल अशी माझी समजूत. पण पेल्यापलीकडची माझी बोटं दिसत होती. रंग पातळ, कडेला विटकरी. वास गुलाबाचा, आणि त्याच्यामागून चक्क उन्हात तापलेल्या डांबराचा. मी घोट घेतला. क्षणभर आंबट लागलं, आणि मग हिरड्या, गाल, जिभेची मागची बाजू, सगळं कोरडं पडून आवळलं गेलं. माझ्या तोंडून मराठीतच निघून गेलं, "घसा धरला!"

काय म्हणालात, त्यांनी विचारलं. मी जांभळाचं वर्णन केलं. पावसाळ्याच्या तोंडावर येणारं, जिभेला रंगवणारं आणि जास्त खाल्लं तर घसा धरणारं फळ. मुलगी हसली. त्यांच्याकडे यासाठी शब्द आहे, 'अल्लाप्पान्ते'. कच्चं तेंदूसारखं काकी फळ खाल्ल्यावर तोंडाचं जे होतं ते. पण तो शब्द वाइनला लावला तर दोष दाखवल्यासारखा होतो, ती म्हणाली. "चांगली वाइन धरते आणि सोडते. वाईट वाइन धरूनच बसते."

धरते ते काय, हेही तिने सांगितलं. ती आल्बाच्या शाळेत वाइन बनवण्याचंच शिकलेली होती. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन असतं. आपल्या लाळेत काही प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे तोंड आतून गुळगुळीत राहतं. टॅनिन त्या प्रथिनांना चिकटून त्यांचा साका करतं, गुळगुळीतपणा जातो आणि जिभेला खरखर जाणवते. म्हणजे हे चवीपेक्षा स्पर्शाच्या जवळचं आहे. आपल्याकडे मात्र तुरट ही सहा रसांपैकी एक चव धरली आहे, कषाय. हेच टॅनिन बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात असतं, म्हणून त्यांनी कातडं कमावतात. नेब्बियोलोची साल पातळ, पण टॅनिन भरपूर, आणि आंबटपणाही भरपूर. या दोन गोष्टींच्या जोरावर ही वाइन वर्षानुवर्षं टिकते. बाटलीत पडून राहिली की टॅनिनचे कण एकमेकांना धरत मोठे होतात, काही तळाशी गाळ होऊन बसतात, आणि तोंड आवळणारी वाइन हळूहळू मवाळ होते. त्यांच्या मजकुरातल्या 'स्त्रुत्तुरातो'चा अर्थ इतकाच होता: हिच्यात धरून ठेवणारं काहीतरी आहे, त्यामुळे ही थांबू शकते.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर बागेत गेले आणि तिथे मात्र मला एकाही शब्दासाठी अडावं लागलं नाही. ती इटालियनमध्ये बोलत होती आणि माझ्या डोक्यात तासगावची मराठी चालू होती. कारण माझ्या मामाची द्राक्षबाग होती, तासगाव तालुक्यात, तीन एकर. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या मी त्या मांडवाखाली काढल्या आहेत. ती म्हणाली 'पेरोनोस्पोरा', मी म्हटलं केवडा. ती म्हणाली 'ओइदियो', मी म्हटलं भुरी. तिने हिवाळी छाटणीबद्दल सांगितलं: नेब्बियोलोच्या काडीचे बुडाकडचे पहिले डोळे वांझ असतात, म्हणून काडी लांब ठेवावी लागते. मला मामा आठवला, काडी डोळ्यांसमोर धरून कितव्या डोळ्यात घड आहे याचा अंदाज बांधणारा. त्यांच्याकडे वर्षातून एकदा छाटणी, आपल्याकडे दोनदा, एप्रिलची आणि ऑक्टोबरची. ओळींच्या मधे त्यांनी बारीक दाण्याची वालासारखी शेंग पेरली होती. वसंतात ती कापून मातीत घालायची. मामा तागाचं किंवा धैंचाचं हेच करायचा, हिरवळीचं खत.

शेडच्या भिंतीला निळसर हिरवे डाग होते. मी हात लावून म्हटलं, मोरचूद. तिच्या भाषेत 'वेर्देरामे'. मोरचूद आणि चुना यांचं बोर्डो मिश्रण सेंद्रिय बागेतही चालतं, केवड्यावर दुसरं फारसं काही चालत नाही म्हणून. पण त्यालाही मर्यादा आहे: युरोपच्या नियमाने हेक्टरी सात वर्षांत मिळून 28 किलो तांबं, म्हणजे सरासरी वर्षाला चार. पावसाळी वर्षी हा हिशेब जीव खातो, ती म्हणाली. तणनाशक नाही, म्हणून वेलीच्या बुंध्याशी हाताने खुरपावं लागतं. बाटलीत गंधकाचं प्रमाणही कमी. कोरड्या लाल वाइनला साध्या पद्धतीत लिटरमागे 150 मिलिग्रॅम सल्फाइट चालतं, सेंद्रियला 100. आणि सेंद्रिय म्हणजे सोवळं असं तिने मुळीच भासवलं नाही. "तांबं मातीत साठत जातं, ते कुठे जात नाही," ती सरळ म्हणाली. "आम्ही कमी नुकसान करतो, एवढंच."

मग आम्ही तळघरात उतरलो. लाकडाची मोठमोठी पिंपं, माणसाच्या दीडपट उंच. ओल्या लाकडाचा आणि आंबलेल्या फळाचा वास. बारोलोचा नियम असा की सुगीच्या वर्षाच्या 1 नोव्हेंबरपासून अडतीस महिने झाल्याशिवाय ती विकायची नाही, आणि त्यातले किमान अठरा महिने ती लाकडात असली पाहिजे. मी बोटांवर मोजलं. यंदाची सुगी नुकतीच टाकीत उतरली होती. गेल्या वर्षीची आणि त्याच्या आदल्या वर्षीची पिंपांत होती. त्याच्याही आदल्या वर्षीची बाटल्यांत भरून आडवी पडली होती, तिला बाजारात जायला अजून दोन महिने होते. म्हणजे त्या क्षणी माझ्याभोवती अंधारात चार वर्षांचं पीक होतं. चार वर्षांची छाटणी, फवारणी, मजुरी, आणि त्यातल्या एकाही बाटलीचा पैसा अजून घरात आलेला नव्हता.

मी पिंपाला हात टेकून उभी राहिले आणि मला मामाचा रागच आला. मामाचा, की त्याच्यासाठी, हे मला नीट सांगता येणार नाही.

मामाच्या बागेत थॉम्सन होती. बिनबियांची, पातळ सालीची, गोड. तिच्यात थांबण्याची ताकद नव्हती आणि मामाच्याही नव्हती. माल तयार झाला की व्यापारी बागेत यायचा, एक मणी तोंडात टाकायचा आणि दर सांगायचा. मामा नाही म्हणू शकत नव्हता, कारण वेलीवर घड राहिले तर चार दिवसांत पाऊस येईल की काय या धास्तीने त्याला झोप नसायची. थांबायचा एकच मार्ग होता, बेदाणा. घड पोटॅशच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर दोन-तीन आठवडे वाळवायचे, बेदाणा शीतगृहात ठेवायचा, त्या पावतीवर कर्ज उचलायचं आणि भाव वाढण्याची वाट बघायची. एका वर्षी फुलोऱ्यात पाऊस झाला आणि घड कुजले. दुसऱ्या वर्षी एक व्यापारी अख्ख्या बागेचा माल घेऊन गेला तो पैसे न देताच नाहीसा झाला. तिसऱ्या वर्षी बेदाणा केला, पण व्याज भावाच्या पुढे पळालं. त्यानंतर मामा संध्याकाळी बागेतून थेट घरी यायचा बंद झाला. तो एकावन्नाव्या वर्षी गेला. गावाने एका वाक्यात निकाल दिला: द्राक्षाने दिलं आणि दारूने वाटोळं केलं.

आईने हे वाक्य कधीही उच्चारलं नाही. पण आमच्या घरात द्राक्षं यायची बंद झाली, आणि दारू हा शब्दही.

संध्याकाळी मी हे थोडं थोडं त्या स्वयंपाकघरात सांगितलं. सहानुभूती नको होती. मला विचारायचं होतं की तुम्ही कसे थांबता. अडतीस महिने तुम्हाला कोण देतं? प्रश्न उद्धट होता. आजी भाजी निवडत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही. त्या म्हणाल्या, आम्ही तरी कुठे थांबायचो?

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या सासऱ्याच्या काळी इथले शेतकरी स्वतः वाइन भरून विकत नसत; घरच्यापुरती करत, बाकी द्राक्षं विकत. गाडीत भरून आल्बाच्या चौकात न्यायची. तिथे दलाल. सकाळी एक भाव, दुपारी कमी, आणि दिवस कलला की आणखी कमी. कारण तोडलेली द्राक्षं परत घरी नेता येत नाहीत हे दोघांनाही माहीत. त्यांच्या नवऱ्याने पहिली काही वर्षं आल्बाच्या फेरेरोच्या चॉकलेट कारखान्यात पाळी केली. कारखान्याच्या बसगाड्या टेकड्यांवरच्या गावांतून माणसं उचलायच्या आणि परत आणून सोडायच्या, त्यामुळे माणूस पगारही घेई आणि त्याची जमीनही सुटत नसे. सकाळी कारखाना, दुपारनंतर वेली. त्या पगारावर पहिलं पिंप आलं. 1980 मध्ये बारोलोला सरकारी हमीचा सर्वात वरचा दर्जा मिळाला आणि त्यांच्या घराचं नाव असलेली पहिली चिठ्ठी त्यानंतर पाच वर्षांनी बाटलीवर लागली.

पुढच्याच वर्षी, 1986 च्या वसंतात, मिथेनॉलचं प्रकरण झालं. स्वस्त वाइनची तीव्रता वाढवण्यासाठी कोणीतरी मिथेनॉल मिसळलं होतं. वीसहून अधिक माणसं मेली, काहींचे डोळे गेले. त्या विषाची वाट याच कुनेओ जिल्ह्यातून गेली होती. बारोलोशी त्याचा काही संबंध नव्हता, पण परदेशातल्या गिऱ्हाइकाला एवढा भूगोल कोण शिकवणार? इटालियन वाइनची निर्यात कोसळली. आजी सांगत होत्या, त्या वर्षी आम्ही पुन्हा चौकात जाऊन उभं राहायच्या बेतात होतो.

मला मुंबईतल्या मालवणीची बातमी आठवली, 2015 च्या जूनमधली. तिथेही मिथेनॉलच होतं आणि शंभरावर माणसं गेली. इटलीत त्या प्रकरणानंतर तपासण्या कडक झाल्या, आणि बाटलीवर कोणाचं नाव आहे याला किंमत आली. मालवणीत मेलेल्या माणसांच्या पिशवीवर कोणाचंच नाव नव्हतं.

फेनोल्योबद्दलही एक गोष्ट मला तिथे बसल्यावर नव्याने उमगली. तो आल्बाच्या खाटकाचा मुलगा. युद्धात पार्टिझान म्हणून लढला, इंग्रजीवर त्याचं वेड्यासारखं प्रेम होतं, कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशाची दीर्घ कविता त्याने इटालियनमध्ये आणली. आणि पोटासाठी? युद्धानंतर तो आल्बामधल्या एका वाइन कंपनीत परदेशी पत्रव्यवहार सांभाळायच्या नोकरीला लागला आणि 1963 मध्ये, एक्केचाळीस पुरी होण्याआधीच वारला तोवर तिथेच होता. म्हणजे दिवसा वाइनची पत्रं आणि उरलेल्या वेळात सालगड्याची गोष्ट. माझ्यापुढे आलेला तो पानभर कागद त्याने न कुरकुरता करून दिला असता. वरच्या टेकडीवरचा आगुस्तीनो ज्या काळात भुकेला झोपत होता त्याच काळात खाली बारोलोला राजांची वाइन म्हणत होते. एकाच मातीतली दोन माणसं, एकाला थांबता येत होतं आणि एकाला येत नव्हतं. आता 2014 पासून लांगेचे हे द्राक्षमळे जागतिक वारशाच्या यादीत आहेत. फोटोत आखीव ओळी दिसतात, बसगाड्या दिसत नाहीत.

रात्री मी आईला फोन केला. सांगलीत तेव्हा पहाट होत आली होती, पण ती चारलाच उठते. मी विचारलं, आई, एखादं घर बसलं, सगळं गेलं, तर तुमच्याकडे काय म्हणतात? ती म्हणाली, वाटोळं झालं म्हणतात, धुळीला मिळालं म्हणतात. थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण ते बाहेरचे म्हणतात. घरचे म्हणतात, तग धरवला नाही."

"मामाला?"

"दारू शेवटी आली," आई म्हणाली. "त्याच्या आधीच त्याला तग धरवेना झाला होता. लोकांनी शेवटचं तेवढं बघितलं."

फोन ठेवल्यावर मी वहीत लिहीत गेले. घसा धरणे. तग धरणे. धीर धरणे. मूळ धरणे. बहर धरणे. एकाच क्रियापदाने सगळीकडे काम केलं होतं आणि मी तीन दिवस रचना नि बांधा शोधत बसले होते. 'स्त्रुत्तुरातो'च्या पुढे मी लिहिलं, 'तग धरणारी'. त्या कागदाच्या कामाचं ते नव्हतं, इंग्रजी प्रत केव्हाच छापायला गेली होती. पण 'ला मालोरा'च्या खर्ड्यावरचं 'वाटोळं' मी त्याच रात्री खोडलं. फेनोल्योची गोष्ट आगुस्तीनो स्वतः सांगतो. तो घरचा आहे. त्याच्या तोंडी बाहेरच्यांचा शब्द देऊन चालणार नव्हतं. शीर्षक काय ठेवायचं हे अजून ठरलेलं नाही, निदान काय ठेवायचं नाही ते ठरलं.

निघताना त्यांनी एक बाटली दिली. अनुवादाची मजुरी, मुलगी म्हणाली. ती मी कपड्यांत गुंडाळून आणली आणि महिनाभर स्वतःच्या घरी पुस्तकांच्या कपाटात आडवी ठेवली. मग सांगलीला गेले तेव्हा बरोबर घेतली. का घेतली, मला ठाऊक नाही. पिशवीत आहे हे आईला सांगून टाकलं, लपवणं त्याहून वाईट दिसलं असतं. मला वाटलं ती उठून जाईल. तिने बाटली हातात घेतली, चष्मा वर करून चिठ्ठी बघितली, वाचता येत नव्हती तरी बघितली. मग म्हणाली, उघड.

मी भातुकलीतल्यासारखी एका वाटीत ओतली. घरात पेले आहेत, पण पेला घेणं मला जमलं नाही. आईने करंगळी बुडवली आणि काढ्याची चव बघतात तशी जिभेला लावली. तोंड वाकडं केलं.

"हिरड्यासारखी आहे," ती म्हणाली. "घसा धरते."

"हो."

"त्याची द्राक्षं अशी नव्हती."

"नव्हती. त्यांना बिया नव्हत्या, साल पातळ होती."

तिने नळाखाली बोट धुतलं, पदराला पुसलं आणि पुन्हा येऊन बसली. किती दिवस ठेवलेली असते ही, तिने विचारलं. मी सांगितलं, अडतीस महिने तर कायद्यानेच ठेवावी लागते, ही त्याहूनही जास्त ठेवलेली आहे. आई गप्प झाली. शेतकऱ्याची मुलगी आहे. तिचं बोटांच्या पेरांवर काहीतरी चाललं होतं. तीन वर्षांची छाटणी, तीन वर्षांची मजुरी.

"आणि तोवर ते खातात काय?" तिने विचारलं.

मी सांगायला सुरुवात केली. दोल्चेत्तो नावाचं एक दुसरं द्राक्ष आहे, ते लवकर पिकतं आणि त्याची वाइन पुढच्याच वर्षी विकता येते, त्याच्यावर घर चालतं. थोडी हेझलनटची झाडं आहेत. दोन खोल्या भाड्याने देतात. आणि पूर्वी आजोबा कारखान्यात पाळी करायचे. आई एकेक ऐकत होती, मान हलवत होती, जणू मी तिला मामाच्या घरचा हिशेब सांगत होते आणि तो या वेळी जुळतोय का ते ती तपासून बघत होती.